जोडलेली माणसे

गुलाम विकत घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो? पहिले उत्तर सुचते ते श्रमाचे. पण ते अपुरे आहे. श्रम मजुरी देऊनही मिळतात आणि तलवार चालवणारा शिपाई पगार देऊनही मिळतो. तरीही सोळाव्या शतकातला एखादा वजीर आफ्रिकेतून आणलेल्या पोरासाठी रोख सोने मोजतो, तेव्हा त्याला श्रमापलीकडचे काहीतरी हवे असते. गावातल्या गरिबातल्या गरीब माणसालाही भाऊ असतो, चुलता असतो, सोयरे असतात. त्याच्यावर हात टाकला तर कोणीतरी विचारायला येते. गुलामासाठी विचारायला कोणी येत नाही. आईबाप समुद्रापलीकडे राहिलेले, बोली इथे कोणाला कळत नाही, नावसुद्धा मालकाने बदललेले. ज्याला आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही असा माणूस, हाच त्या बाजारातला खरा माल.

हे मान्य केले की पुढची गोष्ट ओघाने येते. गुलामीचे मूळ माणसाला त्याच्या माणसांपासून तोडण्यात असेल, तर तिच्याविरुद्धचे बंड माणसे जोडण्यापासून सुरू व्हायला हवे. तलवार त्यानंतरची. हे विधान तपासून पाहायचे तर अहमदनगरच्या निजामशाहीतल्या मलिक अंबरासारखे दुसरे उदाहरण नाही. मोगल दरबाराच्या लेखी तो अखेरपर्यंत बंडखोर होता. अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना त्याने पंचवीस वर्षे दख्खनेत अडवून धरले. त्याची कथा आपण बहुतेक वेळा लढायांची कथा म्हणून सांगतो. ती नात्यांची कथा म्हणून वाचली तर त्याचा उदयही नीट उलगडतो आणि त्याने उभारलेले कोसळले कसे, तेही.

अंबराचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके १६१७ साली अंबराला प्रत्यक्ष भेटला होता. त्याच्या नोंदीनुसार चापूला तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात वीस डुकाटांना विकले गेले. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटाचे वजन धरले तर ही किंमत साधारण सहा तोळे सोने होते. मोख्याहून तो बगदादला गेला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनेत पोचला आणि १५७०च्या दशकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले.

या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर चापूकडचे काहीतरी काढून घेतले गेले: आधी घर, मग बोली, मग धर्म, मग नाव. त्याच्या बदल्यात त्याला शिक्षण मिळाले, हिशेब मिळाला, घोडा मिळाला. मालकाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा होता. शिकवलेला, हुशार आणि कोणाचाही नसलेला माणूस त्याच्या हाती आला होता. या व्यापारात आपला प्रदेश नुसता प्रेक्षक नव्हता, हेही सांगायला हवे. दख्खन आणि गुजरातचे कापड तांबड्या समुद्रापलीकडे जात होते आणि तिकडून सोन्याबरोबर, हस्तिदंताबरोबर माणसे येत होती. निजामशाहीचे चौल बंदर याच समुद्रमार्गावर होते. कापडाचे ताणेबाणे कोणी विणले आणि त्याची किंमत कोणाच्या पोरांनी चुकवली, हे एकाच वहीतले जमा-खर्च आहेत.

दख्खनेला अशा माणसांची गरज का पडली? बहमनी काळापासून इथल्या दरबारांत दोन तट होते. एका बाजूला इथेच रुजलेले दख्खनी, दुसऱ्या बाजूला इराण-तुराणातून आलेले परदेशी. प्रत्येक सरदारामागे त्याची जमात, त्याचे सोयरे, त्याचा मुलूख. अशा दरबारात सुलतानाला किंवा वजिराला विश्वासाचा माणूस हवा असेल तर तो कोणत्याही घराण्याचा नसलेला हवा. हबशी, म्हणजे आफ्रिकी, गुलाम त्यासाठी आणले जात. खुद्द चंगीझखान असाच आलेला हबशी होता. गुलाम म्हणून आला आणि पेशवेपदापर्यंत चढला. त्याच्याजवळ सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. अंबर त्या हजारांतला एक. त्या हजारांपैकी आज आपल्याला ठळकपणे माहीत असलेले नाव एकच आहे. बाकीच्यांनी घोडी राखली, पहारे दिले, लढाया मारल्या आणि ते मातीत गेले. एकाच्या यशाने तो बाजार निर्दोष ठरत नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वैभवाच्या वर्णनात मनाशी धरून ठेवली पाहिजे.

पण विकत घेतलेल्या निष्ठेत एक मोठा दोष असतो. ती एकाच दोरीने बांधलेली असते. वऱ्हाड जिंकल्यानंतर थोड्याच काळात चंगीझखानाबद्दल मूर्तझा निजामशहाच्या मनात संशय भरवण्यात आला आणि त्याला विष देऊन संपवण्यात आले. मालक मेला आणि दोरी तुटली. चंगीझखानाच्या विधवेने अंबराला मुक्त केले. त्याने लग्न केले, घर मांडले. बाजाराने जे काढून घेतले होते ते परत उभे करण्याची ही पहिली पायरी. काही वर्षे त्याने विजापूरकरांची चाकरी केली. 'मलिक' ही पदवी त्याला तिथेच मिळाली. मुक्त गुलामासाठी एवढे पुष्कळ होते. पगार होता, पदवी होती, कुटुंब होते. तो तिथेच थांबला असता तर इतिहासाने त्याची दखल घेतली नसती.

१५९५च्या सुमारास तो अहमदनगरला परतला तेव्हा राज्य मोडकळीस आले होते. गादीसाठी चार गट भांडत होते. त्यातल्या एकाने मोगलांना बोलावले होते आणि अकबराच्या मुलाने, शाहजादा मुरादने, अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. आत निजामशाही घराण्यातली चांदबिबी किल्ला लढवत होती. बाहेर अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली अंबर होता. त्याच्याकडे दीडशे स्वार होते. १६०० साली दुसऱ्या वेढ्यात चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला आणि बाल सुलतान बहादूरशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. कागदावर निजामशाही संपली.

याच काळात अंबराच्या दीडशे स्वारांचे काही हजार झाले. हे कसे घडले, याचे उत्तर शौर्यात शोधायचे नाही. राज्य मोडते तेव्हा त्याची सगळी माणसे एकाच वेळी पोरकी होतात. पगार थकलेले शिपाई, मालक मेलेले हबशी, जहागिरी बुडालेले मराठा सरदार, कोणाच्या आश्रयाला जावे हे न कळणारे किल्लेदार. उरलेले सगळे सरदार या माणसांकडे आपल्या घराण्याच्या चष्म्यातून पाहत होते. अंबर ही पोरकी अवस्था लहानपणापासून ओळखत होता. मोगलांची रसद लुटायची, दाणावैरण तोडायची, लुटीचा वाटा बरोबरच्यांना द्यायचा आणि ज्याला कोणी नाही त्याला आपल्यात घ्यायचे, या रीतीने ती टोळी वाढत गेली. मोगल बखरकार तिला लुटारूंची टोळी म्हणणार हे उघड आहे. पण राजधानी पडल्यावर सह्याद्रीच्या उतारांवरून आणि गोदावरीच्या खोऱ्यातून फिरणारी तीच टोळी निजामशाहीचे चालतेबोलते राज्य झाली.

इथे अंबरापुढे एक अडचण होती आणि ती त्याने ओळखली. टोळीला म्होरक्या पुरतो, राज्याला वंश लागतो. अंबराला वंश नव्हता, तो मोख्याच्या बाजारात संपला होता. म्हणून त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात १६०० साली त्याला मूर्तझा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. वीस डुकाटांना विकलेला मुलगा सुलतानाचा सासरा झाला. आपल्याकडे सोयरीक ही दोन घराण्यांत होते. अंबराने आधी सोयरीक केली आणि तिच्यातून घराणे उभे केले.

ही सोयरीक सोपी नव्हती. ब्रूकेने १६१०ची एक हकिकत लिहून ठेवली आहे. सुलतानाची दुसरी एक राणी इराणी होती. अंबराच्या मुलीशी तिचे भांडण झाले. त्या भांडणात तिने अंबराच्या मुलीला हबशी दासी म्हणून हिणवले आणि तिच्या बापाला राजाशी बंड केलेला माणूस म्हटले. ते बोलणे बापाच्या कानावर गेले. त्यानंतर सुलतान आणि ती राणी या दोघांना विष देण्यात आले आणि सुलतानाचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा तिसरा या नावाने गादीवर आला.

या हकिकतीवरून पटकन पुढे जाऊ नये. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, दहा वर्षे राज्य चालवणाऱ्या, मोगलांना मागे रेटणाऱ्या माणसाच्या मुलीला राजवाड्यात गुलामीचा बट्टा चुकला नाही. जोडलेले नाते रक्ताच्या नात्यापुढे किती सहज खोटे ठरवले जाते, ते त्या एका भांडणाने दाखवले. दोन, अंबराचे उत्तर क्रूर होते. अंबराला स्वामिनिष्ठेचा पुतळा म्हणून रंगवणारे लोक ही हकिकत गाळतात. ती गाळण्याचे कारण नाही. त्याची निष्ठा व्यक्तीशी नव्हती. सुलतान त्याने बसवला आणि प्रसंगी बदलला. जे त्याने सव्वीस वर्षे सोडले नाही ते निजामशाही नावाचे छत्र, कारण त्या छत्राखालीच त्याने जोडलेली हजारो माणसे एकत्र उभी राहू शकत होती.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. अटलांटिक महासागरावरून आफ्रिकी माणसे अमेरिकेत नेण्याचा व्यापार तेव्हा वाढत होता. साडेतीन शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे त्या जहाजांवर चढवली गेली. १६१९ साली व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले, तेव्हा इकडे अंबर दौलताबादेहून राज्य चालवत होता. मेक्सिकोत व्हेराक्रूझच्या डोंगरात यांगा नावाच्या पळालेल्या गुलामाने १५७०च्या सुमारास आपली वस्ती उभारली होती आणि तो स्पॅनिश वाटांवर छापे घालत होता. १६०९ साली त्याच्यावर फौज पाठवण्यात आली. ती त्याला संपवू शकली नाही आणि शेवटी स्पॅनिशांना त्याच्या लोकांचे स्वतंत्र गाव मान्य करावे लागले. आज ते गाव त्याच्याच नावाने ओळखले जाते. ब्राझीलमधले पाल्मारेस हे पळालेल्या गुलामांचे राज्य मात्र १६९४ साली मोडले गेले आणि त्याचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ला मारला गेला.

यांगा, झुंबी आणि अंबर या तिघांनीही एकच काम केले. तोडलेल्या माणसांना एकत्र बांधले. फरक त्यांच्या कुवतीत नव्हता, भोवतालच्या समाजात होता. अटलांटिकच्या किनाऱ्यावर गुलामी कातडीच्या रंगाला कायमची चिकटवली गेली. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मूल आईच्या स्थितीत जन्मेल, म्हणजे गुलाम बाईचे मूल गुलामच. तिथे मुक्त व्हायचे तर बहुतेकांना समाजाबाहेर, डोंगरात जावे लागे. दख्खनेत मुक्त झालेला हबशी लग्न करू शके, जहागीर घेऊ शके, त्याची मुले मुक्त जन्मत. त्यामुळे अंबराला समाजाबाहेर न जाता समाजाच्या आत आपली माणसे जोडता आली. ही वाट इथे उघडी होती म्हणून दख्खनची गुलामी सौम्य ठरवणे चूक आहे. मोख्याला पोर विकले जाताना पुढे कोणती वाट उघडी असेल, हे कोणी विचारत नव्हते. पण अंबराचा उदय समजून घ्यायचा तर ती वाट दिसली पाहिजे.

त्या वाटेवर त्याने सगळ्यात मोठी जोड केली ती मराठ्यांशी. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१०च्या सुमारास लिहितो की अंबराच्या फौजेत त्याच्या जातीचे सुमारे दहा हजार आणि दख्खनी सुमारे चाळीस हजार होते. म्हणजे चार पंचमांश फौज इथल्या मातीतली होती आणि तिचा कणा मराठा स्वार होता. हलका घोडा, हलके सामान, समोरासमोरची लढाई टाळायची, शत्रूची रसद तोडायची आणि तो थकला की घाला घालायचा, ही रीत या डोंगराळ मुलखाची आणि या घोडेस्वारांची. अंबराने तिला राज्याच्या युद्धनीतीचे रूप दिले. वेरूळच्या भोसल्यांचे घराणे याच काळात वर आले. मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार होते. त्यांच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली, असे परंपरा सांगते. हबशी वजीर, निजामशाही छत्र, मराठा सरदार आणि नगरचा पीर एका कुटुंबाच्या कथेत एकत्र येतात, इतकी ती जोड घट्ट होती.

स्वारांशी जोड झाली, तशी जमिनीशीही झाली. राज्याला पैसा लागतो आणि तो रयतेकडून येतो. त्याआधी अनेक ठिकाणी वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार बोलीपेक्षा जास्त काढण्यासाठी शेतकऱ्याला पिळत असे. अंबराने मक्ता बंद केला. जमिनीची प्रत पाहून, पीक पाहून सारा ठरवला. आधी उत्पन्नाचा साधारण दोन पंचमांश धान्यात आणि पुढे काही वर्षांची सरासरी पाहून सुमारे एक तृतीयांशाच्या किमतीइतका रोख. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर ठेवली आणि मिरासदाराचा जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क मानला. मलिकअंबरी धारा या नावाने ही पद्धत त्याच्यामागेही चालली आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची घडी बसवताना दादोजी कोंडदेवांनी तिचाच आधार घेतला.

या धाऱ्याकडे महसुलाची सुधारणा म्हणून पाहिले जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मिरास म्हणजे ही जमीन माझी, माझ्या बापाची आणि माझ्या मुलाची, हे राज्याने मान्य करणे. ज्याच्याकडून बापजाद्यांचे सगळे हिरावले गेले त्या माणसाने शेतकऱ्याचा बापजाद्यांचा हक्क मान्य केला. त्याच्या मनात काय होते, ते आपण सांगू शकत नाही. पण या धोरणाचा परिणाम सांगता येतो. लढाई हरली, मुलूख गेला, तरी रयत त्याच्या बाजूला राही, पाटील दाणावैरण देई आणि दोन-चार वर्षांत मुलूख पुन्हा त्याच्या हाती येई. १६१० साली त्याने अहमदनगरचा किल्ला परत घेतला. त्याच सुमारास खडकी हे नवे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नहर खणून त्या शहराला पाणी आणले. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत त्याचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६१७ साली शाहजादा खुर्रमशी तह करून अहमदनगर द्यावे लागले. १६२१ साली खुर्रम पुन्हा आला आणि खडकी पुन्हा जाळली. दर वेळी अंबर पुन्हा उभा राहिला. ज्याचे सगळे बळ किल्ल्यात असते त्याचा किल्ला पडला की तो संपतो. अंबराचे बळ गावांत आणि वाड्यांत पसरलेले होते.

जहांगीर बादशहाला हे किती खुपत होते, याचा पुरावा एका चित्रात आहे. १६१६च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने ते काढले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. ते मुंडके जहांगीरच्या हाती प्रत्यक्षात कधीच आले नाही. बादशहाच्या आत्मचरित्रात अंबराचा उल्लेख शिवीशिवाय क्वचित येतो आणि त्या शिव्यांत त्याचा काळा रंग पुन्हा पुन्हा येतो. बंडखोर हा शिक्का मात्र किती तकलादू असतो, ते पुढच्या काही वर्षांतच दिसले. खडकी जाळणारा खुर्रम स्वतः बापाविरुद्ध बंड करून उठला आणि १६२४-२५च्या सुमारास अंबराच्या मदतीने बुऱ्हाणपूरला वेढा घालून बसला. पुढे तोच शाहजहान म्हणून तख्तावर आला.

१६२४ साली अंबराच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई आपल्या नगर जिल्ह्यात झाली. विजापूरची आदिलशाही आणि मोगल एकत्र आले. अहमदनगर शहरापासून चार-पाच कोसांवर असलेल्या भातवडीला त्यांची संयुक्त फौज आली. अंबराने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडले आणि शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला. घोडी रुतली, तोफा रुतल्या, दाणावैरण बंद झाली. रात्रीचे छापे सुरू झाले, माणसे फुटून येऊ लागली आणि शेवटी झालेल्या हल्ल्यात आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम केला आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. नेवाशाच्या कवींद्र परमानंदांनी शिवभारतात ही लढाई विस्ताराने वर्णिली आहे. शिवाजी महाराजांचे चरित्र सांगताना त्यांनी या हबशी वजिराला दिलेला मान लक्षात घेण्यासारखा आहे.

आणि इथेच, सर्वांत मोठ्या विजयाच्या रणांगणावर, पडझडीची चिन्हेही होती. समोरच्या फौजेत सिंदखेडचे लखुजी जाधवराव होते. ते निजामशाहीतले सर्वांत वजनदार मराठा सरदार. काही वर्षांपूर्वी मोगलांनी त्यांना मोठी मनसब देऊन आपल्याकडे ओढले होते. शहाजीराजे त्यांचे जावई, जिजाऊंचे पती. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. लढाईनंतर वर्षभरात मानपानाच्या आणि जहागिरीच्या वादातून शहाजीराजेही काही काळ विजापूरकरांकडे गेले.

असे का झाले? जोडलेल्या माणसाची हीच अडचण आहे. गुलामाला जाण्यासारखे दुसरे ठिकाण नसते, म्हणून तो राहतो. जोडलेला माणूस स्वतःच्या मर्जीने येतो, म्हणून तो जाऊही शकतो. त्याला स्वतःचे वतन असते, स्वतःचे भाऊबंद असतात, स्वतःचा मान असतो. चंगीझखानाने हजार माणसे विकत घेतली, ती त्याच्या मरणापर्यंत त्याचीच होती. अंबराने पन्नास हजार जोडली आणि त्यातली कोणती उद्या समोर उभी राहतील, हे त्याला कधीच ठाऊक नव्हते. गुलामीच्या उलट टोकाला जाणारी प्रत्येक व्यवस्था हा धोका पत्करते. हा धोका नसेल तिथे खरी जोडही नसते, नुसती मालकी असते. अंबराने मालकीचे जग आतून पाहिले होते आणि त्याची ताकद ज्या माणसांवर उभी होती ती त्याच्या मालकीची नव्हती.

१६२६च्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबराचा मृत्यू झाला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मरणानंतर जहांगीरच्याच दरबारातल्या इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्याची युद्धकला, त्याची न्यायबुद्धी आणि त्याचा कारभार यांना तोड नव्हती, अशा अर्थाची नोंद केली. जिवंतपणी शिवी आणि मेल्यावर गौरव, हा राजदरबारांचा जुना शिरस्ता आहे. पण त्या नोंदीतून एवढे कळते की शत्रूलाही तो गुलाम म्हणून संपवता आला नाही.

मग दहा वर्षांत सगळे कोसळले. कारभार अंबराचा मुलगा फत्तेखान याच्याकडे गेला. बापाला जे मिळाले नव्हते ते सगळे त्याला जन्मतः मिळाले होते: बापाचे नाव, वाडा, पद, दौलताबादसारखा किल्ला. त्याला कोणाला जोडावे लागले नाही. तो आणि तरुण सुलतान एकमेकांवर उठले आणि फत्तेखान कैदेत गेला. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव त्यांच्या मुलांसह मारले गेले आणि मराठा सरदारांचा उरलासुरला विश्वास त्या दिवशी संपला. सुटून आल्यावर फत्तेखानाने सुलतानाचा खून करून एक लहान मुलगा गादीवर बसवला आणि १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हवाली करून स्वतः मोगलांचा तनखा पत्करला. बापाने ज्यांच्याविरुद्ध आयुष्य घालवले त्यांचे अन्न मुलाने खाल्ले.

आता पाहा, त्याच १६३३ साली याच जिल्ह्यातल्या संगमनेर भागात काय घडले ते. पेमगिरीच्या किल्ल्यात शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातले एक मूल शोधून गादीवर बसवले, त्याच्या नावाने छत्र धरले, कारभार आपल्या हाती घेतला आणि मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांशी तीन वर्षे झुंज दिली. १६३६ साली माहुलीला त्यांना तह करावा लागला आणि निजामशाही खरोखर संपली. पण शहाजीराजांनी पेमगिरीला जे केले ते जसेच्या तसे अंबराने १६०० साली परांड्याला केले होते. राजधानी गेली तरी राज्य संपत नाही, छत्र कोणाचेही असो, ते उचलून धरणारी माणसे जमवता आली की राज्य पुन्हा उभे राहते, हा धडा फत्तेखानाला बापाच्या घरात मिळाला नाही. तो अंबराबरोबर घोड्यावर बसलेल्यांना मिळाला.

अंबराचा वारसा रक्ताच्या मुलाकडे गेला नाही, जोडलेल्या माणसांकडे गेला. ही कथेच्या शेवटी आलेली योगायोगाची गोष्ट नाही. ती पहिल्यापासूनच्या तर्काचा निकाल आहे. ज्याचे आयुष्य दिलेल्या नात्यावर उभे राहू शकत नव्हते त्याने केलेल्या नात्यांवर ते उभे केले, आणि त्याचे जे टिकले तेही केलेल्या नात्यांतच टिकले. सह्याद्रीच्या आधाराने मोठ्या फौजेला थकवणारी लढाई, पिकाकडे पाहून ठरवलेला सारा, गावच्या पाटलाशी थेट संबंध, परक्या बादशाहीपुढे न वाकणारी छोटी सत्ता, या सगळ्यांना पुढच्या पिढीत मराठी राज्यात नवे आणि कितीतरी मोठे रूप मिळाले. स्वराज्याची कल्पना शिवाजी महाराजांची स्वतःची होती. ज्या जमिनीत ती रुजली त्या जमिनीची मशागत करणाऱ्यांत चापू नावाचा एक विकलेला मुलगा होता, हे सांगितल्याने तिचे मोल कमी होत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात मलिक अंबराला जागा आहे, पण ती बहुतेक 'शूर हबशी वजीर' एवढीच. या वर्णनात मोख्याचा बाजार नसतो, वीस डुकाट नसतात आणि त्याच्याबरोबर विकले गेलेले, नाव न उरलेले शेकडो लोकही नसतात. त्याची कथा त्या बाजारापासून सुरू केली तरच त्याने काय केले ते कळते. माणसाला एकटे पाडणे हे जुलमाचे सर्वांत जुने हत्यार आहे आणि ते फक्त समुद्रापारच्या बाजारांत वापरले गेले नाही. उचल घेऊन घरदार सोडून लांबच्या कामावर अडकलेला मजूर, गावाने वाळीत टाकलेले कुटुंब, माहेर तुटलेली बाई, यांच्यावरही ते चालते. अशा माणसाला सोडवायचे तर आधी त्याच्यासाठी विचारायला कोणीतरी गेले पाहिजे. अंबराच्या आयुष्याचा अर्थ मला एवढाच लागतो, आणि तो चारशे वर्षांनीही जुना झालेला नाही. ज्याला कोणी नाही त्याच्या पाठीशी चार माणसे उभी राहतात, त्या क्षणी त्याची गुलामी मोडायला सुरुवात झालेली असते.